लिनक्स कर्नलमधील कॅमेरा-फ्लॅशचे नियंत्रण व त्याचे दस्तऐवजीकरण

भ्रमणध्वनीतील एकच एलईडी दिवा विजेरी म्हणून मंद व सतत, तर छायाचित्र घेताना क्षणभर प्रखर प्रकाश देतो. या दुहेरी कार्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये २०१५ साली स्वतंत्र ‘एलईडी फ्लॅश’ वर्ग समाविष्ट झाला. त्यात विद्युतप्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये, तर प्रकाशाचा कालावधी मायक्रोसेकंदांत ठरविला जातो. अतिउष्णतेने दिवा निकामी होऊ नये, म्हणून दोहोंना कमाल मर्यादा असते.

कॅमेऱ्याच्या व्हिडिओ उपप्रणालीने दिव्याचा ताबा घेताच फाइलींद्वारे होणारे सामान्य नियंत्रण स्थगित होते. ताबा सुटताच ते पूर्ववत होते. हा नियम कर्नलसोबतच्या दस्तऐवजात नमूद आहे. तो ज्ञात नसल्यास आज्ञा का नाकारली गेली, हे प्रोग्रामकर्त्यास उमगत नाही. म्हणूनच संगणकशास्त्राच्या अध्यापनात प्रोग्रामलेखनाइतकेच महत्त्व दस्तऐवजलेखनास देणे आवश्यक ठरते.