श्रद्धा असावी, वेदना नसावी

गेल्या वर्षी एका सत्तरीच्या आजोबांना तपासायला त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेला, तो मानेपर्यंत पसरलेला. बरे होण्याची आशा नव्हती. आजोबा मात्र शांत होते. म्हणाले, "डॉक्टर, कुडी जुनी झाली. आता बदलायची."

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच दृष्टांत आहे. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा देह बदलतो. ज्ञानेश्वरीतून, कीर्तनातून हा विचार आपल्या खेड्यापाड्यांत पोचला. मरण म्हणजे नुसता मुक्काम बदलणे, या विश्वासाने अनेकांची अखेरची भीती ओसरते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. भीती ओसरली की दुखणेही थोडे सुसह्य होते.

पण त्याच घरात गोळ्यांची पुडी कोनाड्यात तशीच पडून होती आणि आजोबा रात्र रात्र कण्हत होते. आजी म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं भोग हायेत. हितंच भोगून संपलं, तर पुढच्या जन्मी पाठीस लागायचं न्हाईत."

मी विचारले, "आजी, बैलाचा खांदा सुजला तर त्याचे भोग म्हणून सोडून देता का?"

"न्हाई. हळद लावतो की."

"मग आजोबांनी काय केलंय?"

आजी गप्प झाल्या.

वाचकहो, मागच्या जन्माचा हिशेब मला कळत नाही. या आजाराचे कारण तंबाखू होते आणि ती याच जन्मात खाल्लेली होती. आजाऱ्याचे दुखणे कमी करणे हेही पुण्यकर्मच आहे.

कॅन्सरच्या वेदना बहुतेक रुग्णांत औषधांनी आटोक्यात येतात. साध्या गोळ्या पुरल्या नाहीत तर मॉर्फिनच्या गोळ्या देता येतात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना हे औषध ठेवणे सोपे झाले. जिल्हा रुग्णालयात किंवा कॅन्सर रुग्णालयात वेदनाशामक उपचारांची चौकशी करा. गोळी दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळेला द्यावी. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. मात्र गोळ्या परस्पर वाढवू नका, एकाएकी बंदही करू नका.

आजोबांना औषध सुरू झाले. शेवटचा महिना त्यांनी हरिपाठ ऐकत, नातवंडांशी बोलत काढला. तेराव्याला गेलो तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "निजल्या निजल्या गेलं बघा. कण्हलं न्हाईत."