‘होमरन बेकर’ : एका उपाधीचा अर्थ
अमेरिकन बेसबॉलमध्ये तिसऱ्या तळाच्या रक्षकाकडून आरंभी फटकेबाजीची अपेक्षा नसे. बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू धावत येऊन उचलावा व पहिल्या तळाकडे फेकावा, हेच त्याचे मुख्य काम. फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरने मात्र १९११ च्या जागतिक मालिकेत लागोपाठ दोन दिवस होमरन, म्हणजे एका फटक्यात चारही तळ ओलांडणारी धाव, मिळविला आणि ती उपाधी त्याला कायमची चिकटली. सबंध कारकीर्दीत त्याचे होमरन अवघे ९६! उपाधी पोकळ नव्हे. त्या मळक्या, मंद चेंडूच्या काळात १९११ ते १९१४ ही चारही वर्षे तो अमेरिकन लीगमध्ये अग्रस्थानी होता. १९२० पासून चेंडू वारंवार बदलू लागले, टेकवण्याचे तंत्र मागे पडले. पुढे एडी मॅथ्यूजने पहिल्या तीन मोसमांतच ११२ होमरन मारले, माइक श्मिटने एकूण ५४८. उपाधी बेकरकडेच राहिली.