हिरड्यांचा आजार: उपचारानंतर नेमके काय बदलते?

रायपूरलगतची उरला औद्योगिक वसाहत पोलाद कारखान्यांसाठी ओळखली जाते. छत्तीसगडमध्ये गुडाखू, म्हणजेच तंबाखू आणि काकवीचा लगदा, दातांवर चोळण्याची सवय जुनी आहे. महाराष्ट्रातल्या मशेरीचेच हे भावंड म्हणावे लागेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात या राज्यातील ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले होते. अशा ठिकाणी हिरड्यांचा आजार बळावण्यास वाव अधिक असतो. हा आजार बहुधा दुखत नाही. त्यामुळे पाळीतून सुटलेला कामगार दंतवैद्याकडे जातो, तो दात हलू लागल्यावरच.

दात आणि हिरडी यांच्यातील फटीत जिवाणूंचा थर साचतो व त्याचे कीटण होते. या जिवाणूंपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या तिघांच्या गटाला संशोधकांनी १९९८ मध्ये ‘लाल समूह’ असे नाव दिले. मात्र दाताभोवतालचे हाड झिजते ते केवळ जिवाणूंमुळे नव्हे. त्यांच्याशी लढताना शरीर जी दाहक द्रव्ये सोडते, तीच पुढे आपल्या ऊतींचा नाश करतात. हिरडीच्या फटीतील द्रवात इंटरल्यूकिन-१ बीटा, तर रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढलेले आढळते.

शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपचारात हिरडीखालचे कीटण खरवडून दातांची मुळे स्वच्छ केली जातात. त्यानंतर लाल समूहातील जिवाणू घटतात, दाह ओसरतो आणि फट उथळ होते. लंडनमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक चमत्कारिक बाब दिसली. सखोल उपचारानंतर पहिल्या चोवीस तासांत रक्तातील दाहाचे निर्देशक चक्क वाढले आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता तात्पुरती घटली. सहा महिन्यांनी मात्र ही लवचिकता, केवळ वरवरची सफाई झालेल्या रुग्णांपेक्षा अधिक होती. मधुमेही रुग्णांनाही या उपचाराचा लाभ होतो. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार तीन-चार महिन्यांत त्यांचे एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के अंकांनी उतरते.

मग प्रत्येक रुग्णाने या चाचण्या कराव्यात काय? तशी गरज नाही. सी-रिॲक्टिव्ह प्रथिन साध्या सर्दीतापातही वाढते, आणि तेवढ्यावरून हिरड्यांचे निदान होत नाही. दंतवैद्याची खुणा असलेली बारीक सळई फटीची खोली मिलिमीटरमध्ये सांगते. निर्णय आजही प्रामुख्याने तिच्यावर आणि क्ष-किरण चित्रावरच होतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रक्त येत नाही यावर त्यांनी विसंबू नये.

जिवाणू पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. घरची स्वच्छता ढिली पडली, तर काही आठवड्यांत त्यांचे थर पुन्हा जमू लागतात. त्यामुळे आजार तीव्र असलेल्यांना सुरुवातीला साधारणतः दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी बोलावले जाते. झिजलेले हाड मात्र केवळ सफाईने पूर्ववत होत नाही.