ऐकलेलं संगीत दगडावर

नागभीडची झाडीपट्टी म्हणजे दिवाळीनंतर रात्र रात्र रंगणारी गाण्यांची नाटकं. म्हणून ही नवलाची गोष्ट इथल्या रसिकांनी ऐकायलाच हवी: शिळाछाप ही दगडावरून छापायची कला एका नाटककाराच्या अडचणीतून जन्मली! जर्मनीतल्या आलोइस सेनेफेल्डरला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. धडपडीत त्याच्या हाती चुनखडीचा दगड लागला आणि 1796 मध्ये त्यावरून त्यानं छापली ती एका संगीतकार मित्राची स्वरलिपी.

दोनेक वर्षांत त्याला खरी युक्ती सापडली. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, गोंद आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, मग दगड भिजवायचा. कोरा भाग पाणी धरतो, चित्राचा भाग झिडकारतो. तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रालाच लागते. कोरीवकाम नाहीच. चित्रकाराच्या हाताचा हलका-जड दाब जसाच्या तसा कागदावर!

फ्रेंच चित्रकार आंरी फांतँ-लातूरनं याच दगडावर संगीत उतरवलं. 1861 मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी जर्मन संगीतकार वाग्नरचं 'टानहॉयझर' हे संगीतनाटक तीन प्रयोगांत बंद पाडलं, तर पुढच्याच वर्षी या पठ्ठ्यानं त्यातला प्रसंग दगडावर काढला. मुद्रकानं आवृत्ती काढायला नकार दिला. तरी 1876 मध्ये फांतँ-लातूर जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरचा महोत्सव ऐकायला गेला आणि परतल्यावर त्यानं वाग्नरच्याच 'राइनगोल्ड'मधल्या जलकन्या काढल्या.

त्या नाटकाची नांदी एकाच स्वरसंवादावर चारेक मिनिटं वाहते, तंबोरा झंकारत राहावा तशी. चित्रातही ठाम बाह्यरेषा सापडत नाही. खडूच्या दाट काळोखावर तो पात्यानं खरवडतो आणि त्या ओरखड्यांतून पाण्यातला उजेड फुटतो. मला तर हीच त्याची सर्वांत मोठी करामत वाटते.

राग चित्रात पाहणं आपल्याला नवं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये रागमाला, म्हणजे रागांची चित्रं, रंगत होती. पण तिथं रागाचं रूप परंपरेनं ठरलेलं असे. फांतँ-लातूर काढतो ते एका माणसाचं ऐकणं. पुढे वाग्नर आणि फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांच्यावरच्या ग्रंथांनाही त्यानं अशी चित्रं दिली. ओदिलाँ रदाँ या चित्रकारालाही कागदावरचं चित्र दगडावर उतरवायची वाट त्यानंच दाखवली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची शिळाछाप चित्रं फुकट पाहता येतात. मोबाइलवर 'राइनगोल्ड'ची नांदी लावा आणि मग ती चित्रं बघा.