लांब पल्ल्याची सायकल घेताना : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

आमच्या वस्तीतली एक मुलगी नागपुरात एका लॅबमध्ये काम करते. मैत्रिणीच्या सायकलवर रोज सकाळी फिरता फिरता तिला लांब पल्ल्याचा नाद लागला. येत्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करायची, असं तिनं मनाशी ठरवलं. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, एवढंच. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सशी जोडलेले क्लब अशा राइड घेतात.

दुकानात तिला कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक गिअर असलेली सायकल दाखवली गेली. किंमत लाखांत, हप्ते दोन वर्षांचे. घरी धाकट्या भावाची फी भरायची होती. सही करण्याआधी ती आमच्याकडे आली. “दादा, एवढे पैसे घालू का?” दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासोबत दुकानात गेलो. तिथं जे तपासलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

आधी माप

मुलीची उंची पाच फूट दोन इंच. दुकानात उरलेली सायकल ५४ नंबरची, म्हणजे तिच्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाची. “सीट खाली करून देतो, चालेल,” असं उत्तर मिळालं. चालत नाही. सीट खाली केली की पाय टेकतात, पण हँडल लांबच राहतं. मग माणूस ताणून बसतो, सगळा भार तळहातांवर येतो, तासाभरात करंगळी बधिर होते, मान आणि कंबर धरते. त्या सायकलवर दहा मिनिटं बसवल्यावरच तिचे खांदे कानापर्यंत आले होते.

लांब पल्ल्याच्या सायकलीला एन्ड्युरन्स बाइक म्हणतात. शर्यतीच्या सायकलीपेक्षा तिचं हँडल थोडं उंच आणि जवळ असतं, त्यामुळे पाठ कमी वाकते. हा फायदा फ्रेमच्या घडणीत असतो, बॅटरीत नसतो. आणि फ्रेम आपल्या मापाची असेल तरच तो मिळतो.

सीटची उंची घरीच तपासता येते. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून दुखतो. दुखणं अंगावर काढू नका, आधी सीट तपासा.

ब्रेकवर खर्च करा

जुन्या पद्धतीचे ब्रेक रिमला धरतात. पावसात रिम ओली होते, चिखल बसतो आणि ब्रेक दाबल्यावर पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. डिस्क चाकाच्या मध्याजवळ असते, ती त्या मानानं कोरडी राहते. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली. आता बहुतेक नव्या एन्ड्युरन्स सायकली डिस्कच्याच येतात.

डिस्कमध्ये दोन प्रकार आहेत. एक तारेवर चालतो, दुसरा तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिक. तारेचा स्वस्त पडतो आणि साध्या पान्यानं जुळवता येतो, पण पॅड झिजले की तो पुन्हा जुळवावा लागतो. हायड्रॉलिक ब्रेक दोन बोटांनी लागतो, पॅडची झीज स्वतःच भरून काढतो. ज्यांचे हात लहान आहेत, बोटांत जोर कमी आहे, त्यांना तो सोयीचा. मात्र त्यातली हवा काढायला जाणता कारागीर लागतो. असा कारागीर आपल्या भागात आहे का, हे घेण्याआधीच विचारा. तेलही कंपनीनं सांगितलेलंच घाला. कुठल्याही डिस्क ब्रेकला एक पथ्य आहे : चेनला तेल देताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका. तेल लागलेली डिस्क धरत नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअर म्हणजे मोटारची सायकल नव्हे

हा गैरसमज आम्ही अनेकांकडून ऐकला. इलेक्ट्रॉनिक गिअर पायाला जराही जोर देत नाही. बटण दाबलं की छोटी मोटार चेन एका दातावरून दुसऱ्यावर सरकवते, एवढंच. शिमानोनं हे २००९ मध्ये शर्यतींच्या सायकलींसाठी आणलं. मध्यम दर्जाच्या १०५ मालिकेत ते २०२२ मध्ये आलं. गिअर हलका आणि नेमका पडतो, तार ताणली जाण्याची कटकट नाही. ज्यांची बोटं आखडतात, त्यांना त्याचा खरा आराम आहे.

पण बॅटरी संपली की सायकल आहे त्याच गिअरवर राहते. पडझडीत मागचा गिअर तुटला तर तो महाग पडतो. तारेच्या गिअरची तार तुटली तर काही शे रुपयांत काम होतं, आणि ते काम शिकून स्वतःही करता येतं.

गिअर कशानं पडतो यापेक्षा दात किती, हे आधी बघा. पुढचं लहान चाक ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठंही ३४ चं असेल, तर चढावर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा होतो. गुडघ्यावर जोर येत नाही. टायर ३२ मिलिमीटरचा बसतो का, हेही विचारा. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, खड्ड्यांचा धक्का मनगटापर्यंत कमी पोहोचतो.

शरीराची तयारी

तब्येतीसाठी मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास साध्या सायकलवर कामाला गेलात, तरी पाच दिवसांत १५० मिनिटं होतात. त्यासाठी महाग सायकल लागत नाही.

लांब जायचं असेल तर अंतर हळूहळू वाढवा. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. एसएस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब पल्ल्याला निघू नये. अंगातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम यांमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. एएस म्हणजे वाहक असलेल्यांनीही तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं आणि उन्हात ताकदीबाहेर जाऊ नये. तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

त्या मुलीनं शेवटी दुसऱ्या दुकानातून आपल्या मापाची ॲल्युमिनियमची सायकल घेतली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, तारेचे गिअर, ३२ चे टायर. वाचलेल्या पैशांतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि दोन ट्यूब आल्या. हप्ता बसला नाही, भावाची फी वेळेवर गेली. गेल्या रविवारी ती रामटेकला जाऊन आली, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. परतल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारला, “करंगळी?” तिनं हात पुढे करून पाचही बोटं हलवून दाखवली.