आधी गोधडी, मग मायक्रोफोन

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरची किंवा कल्याणच्या खडकपाड्यातली नेहमीची बेडरूम डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहा, उंची नऊ फूट, खाली गुळगुळीत टाइल, भिंतींना प्लास्टर, सामान अजून यायचंय. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की मागोमाग ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज येतो. समोरासमोरच्या दोन भिंती ती टाळी एकमेकींकडे टोलवत राहतात. ध्वनिशास्त्राच्या एका जुन्या सूत्रात या खोलीची मापं घातली, तर आवाज पूर्ण विरायला, म्हणजे ६० डेसिबलने उतरायला, साधारण अडीच सेकंद लागतात असं उत्तर येतं. आता एका भिंतीशी कापसाची गादी उभी करा, दोन-तीन गोधड्या टांगा, कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडा. आठ-एक चौरस मीटर मऊ पृष्ठभाग तयार झाला, की तोच आकडा सहा दशांश सेकंदापर्यंत खाली येतो. खर्च शून्य.

घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘माइक कुठला घेऊ?’ माझ्या मते तो तिसरा-चौथा प्रश्न आहे. त्या रिकाम्या खोलीत पंचवीस हजारांचा माइक नेला, तर तो अडीच सेकंदांचा घुमारा जास्त स्पष्टपणे टिपेल, एवढंच.

सुरुवातीला वापरलेलं ते जुनं सूत्र वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाचं. १८९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं नवंकोरं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. तिथे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या दहा-पंधरा शब्दांत मिसळून जायचा. सत्तावीस वर्षांच्या सॅबिनवर ते दुरुस्त करायची जबाबदारी आली. त्याच्याकडे ना माइक होता, ना मीटर. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान, एवढ्यावर त्याने काम केलं. जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, थोड्या थोड्या मांडून मोजमाप घ्यायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा. रात्रच का, तर रस्त्यावरची वर्दळ तेव्हाच थांबायची. पुढे त्याच्या लक्षात आलं की अंगातले कपडे बदलले की आकडेही बदलतात, कारण कापड आवाज शोषतं. तेव्हा त्याने आधीच्या हजारो नोंदी रद्द केल्या आणि पुढचे प्रयोग तोच कोट, तीच पँट घालून केले. आपल्या गोधडीमागे हे सगळं शास्त्र उभं आहे.

गोधडी टांगण्यातही थोडं शास्त्र आहे. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलतच नाहीत, त्यामुळे तिथे कापसाला शोषायला काही मिळत नाही. लहरीच्या लांबीच्या पाव भाग अंतरावर हालचाल सर्वांत जास्त असते. १००० हर्ट्झचा सूर ३४ सेंटिमीटर लांबीचा, त्याचा पाव म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. म्हणून गादी भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवून उभी केली की तेवढ्याच कापसात जास्त काम होतं. आणि ती गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला दिसते ती गाणाऱ्याच्या मागची भिंत. बरेच जण फोम माइकच्या मागे लावतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात.

शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की शेजारचा मिक्सर ऐकू येणार नाही, हा समज अजून टिकून आहे. पुठ्ठ्याचा ट्रे शोषतोही कमीच आणि बाहेरचा आवाज तर मुळीच अडवत नाही. अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम सहा डेसिबलचा फायदा होतो, आणि भाड्याच्या घरात ते कोण करणार? पण फटी बुजवता येतात. खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी काच कितीही जाड घ्या, ती खिडकी वीस डेसिबलहून जास्त आवाज रोखू शकत नाही. आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना खालच्या ट्रॅकमध्ये आणि दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे एवढी फट सहज असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टीची फोम स्ट्रिप त्या जागी दाबून बसवली, की स्टेशनवरची घोषणा निदान शब्दांत तरी कळेनाशी होते.

१८५३मध्ये ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला रेल्वे आली, तेव्हापासून या पट्ट्यात शांतता हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. मध्यरात्रीनंतर लोकल थांबतात. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या थांबत नाहीत. मालगाडीची घरघर फार खालच्या पट्टीतली असते, ती हवेतून कमी आणि जमिनीतून, इमारतीच्या खांबांतून जास्त येते. खिडकी बंद करून तिचं काही होत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. माइकचा स्टँड घडी घातलेल्या जाड गोधडीवर ठेवायचा. आणि सॉफ्टवेअरमधल्या हाय-पास फिल्टरने ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकायचं. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मंद्र पंचम १०४ हर्ट्झला. नेहमीच्या गाण्यात आवाज याच्या फारसा खाली उतरत नाही. म्हणजे मालगाडी जाते आणि गळा राहतो. खर्ज लावणाऱ्यांनी मात्र हा आकडा ६०वर आणावा.

चौकोनी खोलीचा आणखी एक त्रास असतो, तो सहसा कुणी सांगत नाही. दोन भिंतींमधलं अंतर आणि आवाजाची लांबी यांचं गणित जुळलं की तो सूर खोलीतच अडकून फुगतो. दहा फुटांच्या अंतराला हे सूर अंदाजे ५७, ११३, १७० हर्ट्झ असे येतात. खोली दहा बाय दहा असल्यामुळे दोन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि दोष दुप्पट होतो. आता काळी एकचा शुद्ध गंधार काढा : १३९ला सव्वाने गुणायचं, साधारण १७४ हर्ट्झ. म्हणजे त्या १७०च्या अगदी शेजारी. भूप गाताना गंधार एकाएकी जाड लागतो, बाकीचे सूर सरळ येतात आणि दोष बिचाऱ्या माइकला दिला जातो. गणित ढोबळ आहे, पलंग-कपाटाने आकडे थोडे सरकतात. पण इतक्या खालच्या सुरांना गोधडी पुरत नाही. ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब, तिचा पाव म्हणजे दीड मीटर. खोलीचा अर्धा भाग कापसाने भरावा लागेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे जागा बदलणं. बरोब्बर मधोमध आणि कोपऱ्यात बसू नये. गंधार गात गात खोलीभर हिंडलं की बरी जागा कानालाच सापडते.

मग यंत्रांचं काय? इथे एक दिलासा देणारा हिशेब आहे. रात्री फटी बुजवलेल्या, पंखा बंद असलेल्या खोलीतही ३५ ते ४० डेसिबलचा गोंगाट उरतोच. गायकाचा चढा आवाज माइकपाशी ८५-९० डेसिबल. मधली जागा पन्नास डेसिबलची. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये एका बिटला साधारण सहा डेसिबल, म्हणजे नऊ बिटांत हे काम भागतं. माइक संगणकाला जोडणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस; आज पाच-सहा हजारांचा साधा इंटरफेससुद्धा २४ बिटांचा असू शकतो. यंत्राच्या खरखरीआधी घराची खरखर कानावर येते, म्हणून महाग इंटरफेसला पैसे घालून या खोलीत फार काही हाती लागत नाही. उलट एवढे बिट शिल्लक आहेत म्हटल्यावर रेकॉर्डिंगची पातळी निवांत खाली ठेवावी. सर्वांत चढी तानही उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, तिथे लहर सपाट कापली जाते आणि मागाहून ती दुरुस्त होत नाही.

स्वस्त तंत्राने गाणं बदलण्याचा अनुभव कल्याणला नवा नाही. १९८०च्या दशकात कॅसेट हाताशी आल्या आणि कल्याणच्या शिंदे घराण्याचा, प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद शिंदे यांचा आवाज रेडिओच्या निवड समितीची वाट न पाहता गावोगावच्या टेपरेकॉर्डरमधून वाजायला लागला. पण तेव्हा स्वस्त झालं ते ऐकणं आणि कॉपी काढणं. ध्वनिमुद्रण स्टुडिओतच व्हायचं आणि तिथला तास पैशांत मोजला जायचा. आता ती कडीही सुटली आहे. बिली आयलिशचा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमध्ये तिच्या भावाच्या बेडरूममध्ये बहुतांशी तयार झाला आणि २०२०मध्ये त्याने वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेतलं. ऑडॅसिटीसारखं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर तर २००० सालापासून फुकट मिळतं.

माइकचे ढोबळ दोन प्रकार. कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडदा असतो. तो बारीकसारीक सगळं टिपतो, त्यात शेजारच्या कुकरची शिट्टीही आली. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. ते जड असल्यामुळे माइक जरा मंद असतो आणि जवळचंच नीट ऐकतो. रेल्वेलाइनलगतच्या घरात मी डोळे मिटून डायनॅमिक घ्यायला सांगेन. आणखी एक कारण म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कंडेन्सरच्या पडद्याजवळ ओल धरली की विद्युतभार गळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चरचर ऐकू येते. कंडेन्सर असेलच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा.

जवळ जाणं हा सर्वांत स्वस्त सुधार. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. साठ सेंटिमीटरवरून पंधरावर या, बारा डेसिबल पदरात. मात्र फार जवळ गेलं की खर्जाचा फुगवटा येतो, आणि ‘पांडुरंग’ म्हणताना ‘प’ची हवा थेट पडद्यावर आदळते. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये पातळ नायलॉनचा मोजा ताणून माइकपुढे धरला की ती हवा विखुरते. आपले गायक तानेत मान हलवतात, हेही लक्षात घ्यावं : पंधरा सेंटिमीटरवरून तेवढंच मागे सरकलं तरी सहा डेसिबल गेले. वीस-पंचवीस सेंटिमीटर हे तडजोडीचं अंतर. आणि बहुतेक माइक पाठीमागून बहिरे असतात, म्हणून खिडकीकडे माइकची पाठ असावी.

सगळं जुळलं आणि तरी बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू येतंय? आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बरेचदा तिथेच संपतं. दुसरा संशयित पंख्याचा रेग्युलेटर. काही रेग्युलेटर विजेची लहर मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतात, आणि त्या कापण्याची गुणगुण जवळच्या केबलमध्ये शिरते. पंखा बंद करावाच लागतो. मे महिन्यात हा भाग शास्त्रापेक्षा सहनशक्तीचा आहे.

हेडफोन वायरचेच हवेत. आवाज संगणकात जाऊन परत कानात यायला वेळ लागतो, त्याला लेटन्सी म्हणतात. इंटरफेस नीट लावला तर एका टप्प्याला, म्हणजे नुसतं आत जायला किंवा नुसतं परत यायला, साधारण पाच मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पावणेदोन मीटर जातो, म्हणजे बैठकीत गायकापासून तबलजीपर्यंत. एवढा उशीर तबलजी आयुष्यभर पचवत आलेला असतो. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मात्र सहज दोनशे मिलिसेकंदांचा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ मात्राभर मागे. अशाने समेवर कोण येणार!

आणि ज्यांना अजून काहीच विकत घ्यायचं नाही, त्यांनी फोनवर सुरुवात करावी. फोनमधला माइक वाईट नाही, त्याची हुशारी आड येते. फोनची गोंगाट-निवारण प्रणाली सतत एकसारखा चालणारा आवाज हुडकते आणि तो पुसते, कारण तिच्या लेखी तो पंखा किंवा एसी असतो. तानपुरा सतत एकसारखाच वाजतो. मग तो मागे मागे जातो, गायक थांबला की वर येतो, गायला लागला की पुन्हा दबतो, आणि लांबवलेल्या सुराच्या शेपटाही कुरतडल्या जातात. व्हॉइस नोटवर रियाज पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजी ‘सूर सोडतोस’ म्हणतात, त्यातला काही दोष फोनचा असू शकतो. म्हणून आवाज न सुधारता जसाच्या तसा घेणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप निवडावं, फाइल वेव्ह प्रकारात घ्यावी, आणि तानपुरा फक्त हेडफोनमध्ये ठेवून नंतर वेगळा ट्रॅक म्हणून जोडावा. तेव्हा पट्टीबरोबर तानपुरा अ‍ॅपमधलं बारीक ट्यूनिंगचं माप, म्हणजे सेंट, फाइलच्या नावातच लिहून ठेवावं. महिन्याने दुसरं कडवं घ्यायला बसल्यावर ‘काळी एक’ एवढीच नोंद पुरत नाही.