बेनिन ब्राँझशिल्पे

दक्षिण नायजेरियातील पूर्वीच्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातील धातूचे फलक, मुखशीर्षे व मूर्ती यांचे रूढ नाव. आजच्या बेनिन प्रजासत्ताकाशी त्यांचा संबंध नाही. बहुतेक वस्तू प्रत्यक्षात पितळेच्या असून, मेणाच्या नमुन्यावर मातीचा लेप देऊन व मेण वितळवून झालेल्या पोकळीत धातुरस ओतून त्या घडविल्या आहेत. मुखशीर्षे पूर्वजांच्या वेदीवर ठेवीत; फलकांवर दरबाराचे प्रसंग कोरलेले असत. त्यामुळे एडो लोकांच्या दृष्टीने ही शिल्पे म्हणजे राजवंशाची बखरच होय.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर जिंकून हजारो वस्तू लुटल्या. ओबा (राजा) ओव्होनरामवेन यास कालाबार येथे हद्दपार करण्यात आले. पुढे विक्रीद्वारे या वस्तू यूरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत विखुरल्या.

मोठ्या संग्रहालयांत जगातील कलांचा तौलनिक अभ्यास होतो व वस्तू सुरक्षित राहतात, असे त्या परत देण्याच्या विरोधकांचे म्हणणे आहे. लुटीतून न्याय्य स्वामित्व उद्‌भवत नाही, हे त्यावरील उत्तर. यूनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही आणि १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्यूझीयमच्या वस्तुदानावर कडक निर्बंध आहेत. साहजिकच हा प्रश्न न्यायालयापेक्षा नीती व राजकारण यांच्या कक्षेत येतो. जर्मनीने २०२२ मध्ये २०, तर नेदर्लंड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. नायजेरियाने २०२३ मध्ये ओबाचे स्वामित्व मान्य केल्यावर, वस्तू राष्ट्राच्या की राजघराण्याच्या, हा नवा वाद उद्‌भवला.